उपदेशकाची तालीम

चार्ल्स हॅडन स्पर्जन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज उपदेशकाने विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांत एक किस्सा सांगितला आहे. लंडनमधल्या त्याच्या पास्टर्स कॉलेजात मुलांना आयत्या वेळी विषय देऊन बोलायला उभे करत. एकाच्या वाट्याला जक्कय आला. लूकच्या शुभवर्तमानातला हा बुटका जकातदार येशूला पाहण्यासाठी झाडावर चढून बसला आणि येशूने हाक मारताच खाली उतरला. विद्यार्थ्याने विषय तीन वाक्यांत उरकला. जक्कय बुटका होता, तसा तोही बुटका. जक्कय वर अडकला होता, तसा तोही अडकला आहे. जक्कय खाली आला, तसा आता तोही येतो. एवढे बोलून स्वारी जागेवर बसली आणि वर्गात टाळ्या पडल्या. ख्रिस्ती धर्मात वचनाची सेवा ही फार गंभीर जबाबदारी मानली जाते. त्या सेवेच्या तयारीत फजितीला, हशाला आणि अर्धवट राहिलेल्या भाषणाला स्पर्जनने उघडपणे जागा दिली, हे मला त्या विनोदापेक्षा महत्त्वाचे वाटते. तरुण उपदेशकाला नीट बोलता येण्याआधी वाईट बोलता येईल अशी जागा लागते, आणि ते वाईट का झाले हे तोंडावर सांगणारे श्रोतेही लागतात. ही जागा सेमिनरीने, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाने, द्यावी असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाचा पुरावा मात्र मंडळीकडे, म्हणजे स्थानिक चर्चकडे, बोट दाखवतो.

स्पर्जनचेच उदाहरण पाहा. १८३४ मध्ये जन्मलेला हा माणूस कोणत्याही धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात गेला नाही. केंब्रिजमध्ये हौशी उपदेशकांची एक संघटना आसपासच्या खेड्यांत माणसे पाठवत असे. तिच्या प्रमुखाने सोळा वर्षांच्या स्पर्जनला टेव्हरशॅम नावाच्या खेड्यात जायला सांगितले. तिथे एक तरुण बोलणार आहे, त्याला सवय नाही, सोबत असलेली बरी, असे कारण दिले. वाटेत दोघांच्या लक्षात आले की बोलणारा तो दुसराच आहे अशी प्रत्येकाची समजूत होती. सोबत्याने साफ नकार दिला आणि एका झोपडीत जमलेल्या कष्टकरी माणसांपुढे स्पर्जनला उभे राहावे लागले. पुढच्याच वर्षी, १८५१ मध्ये, तो वॉटरबीच या खेड्याचा पाळक झाला आणि १८५४ मध्ये लंडनला आला. पुढे त्याच्यासाठी बांधलेल्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलमध्ये पाचेक हजार माणसे त्याला ऐकायला जमत. त्याच्या अंगी दैवी देणगी होती, असे सहज म्हणता येते. पण ती देणगी आहे की नाही, हे कळण्यासाठी आधी कोणीतरी त्याला झोपडीत उभे करायला हवे होते. त्या प्रमुखाने खोटे न बोलता केलेली ती युक्ती ख्रिस्ती उपदेशाच्या इतिहासातल्या उपयुक्त लबाड्यांमध्ये मोजावी लागेल.

स्पर्जन हे विसरला नाही. १८५६ मध्ये त्याने कॉलेज सुरू केले, तेव्हा पहिला विद्यार्थी होता थॉमस मेडहर्स्ट. दोर वळण्याचा धंदा शिकणारा हा उमेदवार आधीपासूनच लंडनच्या रस्त्यावर उपदेश करत होता. त्याची भाषा कच्ची होती, त्यामुळे मंडळीतल्या काही जणांनी त्याच्याबद्दल तक्रारही केली. स्पर्जनने त्याचे बोलणे बंद केले नाही, त्याच्या शिक्षणाची सोय केली. कॉलेजचा पुढचा नियम यातूनच आला असावा. प्रवेश घेणाऱ्याने आधी सुमारे दोन वर्षे उपदेश केलेला असावा, अशी अपेक्षा असे. आज आपल्याला हा क्रम उलटा वाटतो, कारण आपण आधी पदवी घेऊ देतो आणि मग व्यासपीठ देतो. तिथे आधी बोलायचे, मग आपण काय बोलत होतो ते शिकायचे. विद्यार्थ्यांना वसतिगृहात न ठेवता मंडळीतल्या कुटुंबांत ठेवले जाई. हेतू असा की ज्यांच्यापुढे बोलायचे, त्यांच्या घरातली चूल, भाडे आणि आजारपण विद्यार्थ्यांच्या नजरेआड होऊ नये. वर्गात व्याकरण, गणित आणि ईश्वरशास्त्र चाले, आणि रविवारी हीच मुले वस्त्यांत, रस्त्यांवर, छोट्या मंडळ्यांत जात. स्पर्जनची विद्यार्थ्यांपुढची व्याख्याने १८७५ पासून पुस्तकरूपात येऊ लागली. त्यांत आवाजावर, हातवाऱ्यांवर, श्रोत्यांचे लक्ष टिकवण्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि घशातून किंवा नाकातून 'पवित्र' सूर काढणाऱ्या पाळकांची त्याने केलेली थट्टा आजही वाचनीय आहे.

बोलत राहिले की माणूस आपोआप सुधारतो, असा याचा अर्थ मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा असा होता की नुसता अनुभव पुरेसा नसतो. विशिष्ट उणीव हेरून, तिच्यावर नेमके काम करून, परिणाम तपासत केलेला सरावच कौशल्य वाढवतो. या कसोटीवर रविवारचा उपदेश विचित्र अवस्थेत सापडतो. गायकाला समेवर दाद मिळते किंवा मिळत नाही. वकिलाला निकाल कळतो. उपदेशकाला मात्र उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन करताना 'छान झाला संदेश, पाळकसाहेब' एवढेच ऐकू येते, आणि झोपलेल्या माणसानेही तेच म्हटलेले असते. (प्रेषितांच्या कृत्यांत पौलाचे लांबलेले भाषण ऐकताना युतुख नावाचा तरुण झोपेत खिडकीतून खाली पडला. श्रोत्यांकडून इतका स्पष्ट अभिप्राय नंतर फारशा उपदेशकांना मिळालेला नाही.) त्यामुळे तीस वर्षे उपदेश केलेल्या माणसाने पहिल्या वर्षाचेच बोलणे तीस वेळा केलेले असू शकते. दोष त्याचा एकट्याचा नसतो. कुस्तीच्या तालमीत पोरगा रोज लढतो, पण हौद्याच्या काठावर वस्ताद बसलेला असतो, म्हणून त्या लढण्याला अर्थ येतो. आपल्या मंडळ्यांत हौदा आहे, पण काठावर कोणी नाही.

काठावर बसण्याची ही सोय वेगवेगळ्या परंपरांनी वेगवेगळ्या रीतीने केली आहे. चार्ल्स सिमियन हा १७८२ पासून १८३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चचा पाळक होता. त्या काळी विद्यापीठातून पाळक होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना उपदेश कसा करावा हे कोणी शिकवत नसे. सिमियनने आपल्या खोल्यांत विद्यार्थ्यांना जमवायला सुरुवात केली. एखादे वचन द्यायचे, त्यांनी त्यावर उपदेशाचा आराखडा करून आणायचा आणि तिथेच त्याची चिरफाड व्हायची. त्याचे स्वतःचे अडीच हजारांहून अधिक आराखडे एकवीस खंडांत छापले गेले. ते खंड आज फारसे कोणी वाचत नाही, पण त्या खोल्यांतून गेलेली माणसे इंग्लंडभर आणि हिंदुस्थानापर्यंत पोहोचली. हिंदुस्थानात गेलेला हेन्री मार्टिन हा त्याचाच साहाय्यक. मेथडिस्टांनी हीच गोष्ट नियमांत बसवली. ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेत हौशी उपदेशक आधी अनुभवी उपदेशकाबरोबर फिरतो, मग उमेदवारीवर घेतला जातो, आणि त्याने चालवलेल्या उपासना ऐकून इतर जण लेखी अहवाल देतात. शिंपी, खाणकामगार आणि शिक्षक असलेल्या माणसांनी अडीचशे वर्षांहून अधिक काळ खेड्यापाड्यांतली व्यासपीठे सांभाळली, ती या साध्या व्यवस्थेमुळे.

मार्टिन लूथर किंग यांचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. त्यांच्याबद्दल 'जन्मजात वक्ता' हे शब्द हमखास वापरले जातात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट मंडळ्यांत नव्या उपदेशकाने 'चाचणी उपदेश' करायची रीत आहे. किंग यांनी तो १९४७ मध्ये, अठराव्या वर्षी, अटलांटातल्या एबेनेझर या वडिलांच्याच मंडळीत केला. पुढे क्रोझर सेमिनरीत शिकताना सार्वजनिक भाषण या विषयात त्यांना 'सी' श्रेणी मिळाली. यावरून परीक्षक ठोंबे होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. कदाचित होतेही. पण तो तरुण अजून घडत होता, असाही अर्थ निघतो. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिखित भाषण बाजूला ठेवून त्यांनी 'माझे एक स्वप्न आहे' हा जो भाग उच्चारला, तो उत्स्फूर्त होता असे आपण ऐकतो. प्रत्यक्षात तो भाग नोव्हेंबर १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटमध्ये आणि जून १९६३ मध्ये डेट्रॉइटमध्ये श्रोत्यांपुढे बोलून झाला होता. आणि ते श्रोते गप्प बसणारे नव्हते. त्या मंडळ्यांत उपदेश चालू असताना लोक हुंकार देतात, पुढे बोल म्हणतात, वाक्य पडले तर शांतही होतात. उपदेशकाला प्रत्येक वाक्याचा निकाल तिथल्या तिथे कळतो. वॉशिंग्टनची ती उत्स्फूर्तता बरीच वर्षे माणसांच्या आवाजावर घासली गेलेली होती.

यावर श्रद्धावान माणसाचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. उपदेश ही पवित्र आत्म्याची देणगी आहे, तिची तालीम कसली करता? येशूने शिष्यांना, काय बोलावे याची काळजी करू नका, त्या वेळी तुम्हाला ते सुचवले जाईल, असे सांगितले होते. पौलानेही करिंथकरांना आपण वक्तृत्वाच्या बळावर आलो नाही असे बजावले. आक्षेप हलका नाही. पण येशूचे ते आश्वासन सुभेदारांपुढे आणि राजांपुढे खेचून नेल्या जाणाऱ्या माणसांसाठी आहे, हे मत्तयाचा दहावा अध्याय वाचला की दिसते. शनिवारी रात्री तयारी टाळणाऱ्यासाठी ते दिलेले नाही. दुसरीकडे, पौलाच्या नावाने तरुण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात नेमका उलटा सल्ला सापडतो. वाचन, बोध आणि शिक्षण यांकडे लक्ष दे, मिळालेल्या कृपादानाची हयगय करू नकोस, या गोष्टींत गढून जा, म्हणजे तुझी प्रगती सर्वांना दिसेल, असा त्याचा आशय आहे. प्रगती सर्वांना दिसायची असेल, तर आधीचे अपुरेपणही सर्वांनी पाहिलेले असणार. कृपादान आणि मेहनत यांचे भांडण त्या पत्राच्या लेखकाला ठाऊक नव्हते. संत ऑगस्टिनलाही ते ठाऊक नव्हते. वक्तृत्व शिकवणे हाच त्याचा पूर्वीचा व्यवसाय होता. ख्रिस्ती शिकवणीवरच्या ग्रंथाचा चौथा भाग त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात लिहिला. त्यात तो म्हणतो, कुशाग्र माणसाला वक्तृत्वाच्या नियमांपेक्षा चांगल्या वक्त्यांचे वाचन आणि श्रवण अधिक शिकवते, आणि त्याला लिहिण्या-बोलण्याच्या सरावाची जोड हवी. नियमांचा व्यापारी राहिलेल्या माणसाने दिलेली ही साक्ष आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचरा वाटतो. सराव केलेला उपदेशक नट होतो, कुठे थांबल्यावर डोळे पाणावतात हे त्याला कळते, मग तो तेच विकायला लागतो. असे उपदेशक आहेत, आणि त्यांच्या सभांना गर्दीही असते. पण कृत्रिमता कुठून येते ते पाहू. उभे राहायला जागा न मिळालेला तरुण आज मोबाईलवर शिकतो. टेक्सासमधला किंवा लागोसमधला एखादा प्रसिद्ध उपदेशक त्याचा गुरू होतो, आणि मग परभणीच्या एखाद्या सभेत 'आपल्या शेजाऱ्याकडे वळा आणि त्याला सांगा' हे फर्मान सुटते, आवाज ठराविक ठिकाणी फाटतो, एका हातात माईक आणि दुसऱ्यात रुमाल येतो. हा नटवेपणा सरावातून आलेला नाही. एकट्याने केलेल्या नकलेतून आलेला आहे. समोर बसलेल्या ओळखीच्या चार माणसांनी, 'बाबा, हा तुझा आवाज नाही,' एवढे सांगितले असते तर तो पहिल्या महिन्यातच गळून पडला असता. श्रोत्यांना रडवणारा जाणूनबुजून फसवत असेल, तर तो चारित्र्याचा प्रश्न आहे. सराव बंद करून तो सुटत नाही.

तिसरा आक्षेप मंडळीतल्या वडील माणसांचा असतो, आणि त्यात व्यवहार आहे. आठवडाभर राबून, कोणी दुःखात, कोणी आजारपणातून उपासनेला येतो. त्याने पोरांच्या प्रयोगाचे साहित्य का व्हावे? शिवाय चुकीची शिकवण दिली गेली तर? याला एकच उत्तर आहे, ते पायऱ्यांचे. रविवारचे व्यासपीठ ही शेवटची पायरी. शास्त्रपाठ नीट वाचणे ही पहिली, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. मराठी पवित्र शास्त्राची वाक्ये लांब आहेत, श्वास कुठे घ्यावा हे ठरवावे लागते, आणि यशयाचा उतारा वर्तमानपत्रासारखा वाचणाऱ्याला त्यावर उपदेशही तसाच सुचतो. मग संडे स्कूलची मुले, ज्यांच्याइतका निर्दय श्रोता जगात नाही. मग तरुण संघ, घरप्रार्थना, पाच मिनिटांची साक्ष. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सामधले प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांच्यासाठीच राखलेले आहे, त्यामुळे तिथे धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या ब्रदरांना वस्तीतल्या प्रार्थनासभा आणि धर्मशिक्षणाचे वर्ग हेच सरावाचे मैदान उरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मधल्या आपल्या उद्बोधनपर दस्तऐवजात प्रवचनाच्या तयारीवर कित्येक परिच्छेद खर्च केले आणि प्रवचनामुळे ऐकणारे आणि बोलणारे दोघेही हैराण होतात हे मोकळेपणाने कबूल केले. २०२४ मध्ये तर त्यांनी प्रवचन आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नये असे सुचवले. आठ मिनिटांत सांगणे हे चाळीस मिनिटांत सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त सरावाचे काम आहे, हे मात्र अनेकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. शिकवणीच्या चुकांबद्दल एवढेच म्हणता येईल की त्या पाच मिनिटांच्या साक्षीत सापडलेल्या बऱ्या. पदवी, दीक्षा आणि पद मिळाल्यावर सापडल्या तर मंडळी फुटते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. मधली सदतीस वर्षे म्हणजे एका परदेशी माणसाने लोकांची भाषा लोकांपुढेच बोलून कमावल्याचा काळ. पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाला मंडळीच्या उपासनेत मानाची जागा मिळवून दिली. कीर्तनाचा स्वीकार ही चाल आणि वाद्यांपुरती गोष्ट नव्हती. कीर्तन हा शिकवण्याचाही एक घडीव प्रकार आहे. कीर्तनकाराच्या मागे टाळकरी असतात, ते ध्रुपद उचलतात, आणि उचलताना त्यांच्या उत्साहावरून कीर्तन चढले की पडले हे सगळ्या मंडपाला कळते. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे चार वर्षे पाठांतर आणि अर्थ यांची मेहनत चालते, आणि गावोगावचे सप्ताह नवख्यांनाही उभे राहायला जागा देतात. मराठी ख्रिस्ती मंडळीने कीर्तनाची गाणी ठेवली, त्यामागची तालीम मात्र तितकी जपली नाही असे माझे मत आहे. त्यात शिक्षणाच्या भाषेची अडचण मिसळली. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थेत देशभरातून विद्यार्थी येतात, म्हणून तिथे इंग्रजीत शिकवले जाते, आणि ते अपरिहार्यच आहे. पण जो रोमकरांस पत्राचा अभ्यास इंग्रजीत करतो, त्याला ते जालन्याच्या वस्तीत ऊसतोडीहून परतलेल्या माणसाला मराठीत सांगायचे असते. हे भाषांतर कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. ते त्या वस्तीतच, तिथल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहत, चुकत-माकत जमते.

जागा कोणाला मिळते, हा यापुढचा प्रश्न. पंडिता रमाबाईंचे उदाहरण यात फार काही सांगते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात रमाबाईंना संस्कृत शिकवले गेले, आणि त्या कुटुंबाचा निर्वाह तीर्थक्षेत्रांत पुराणे सांगण्यावर चाले. म्हणजे विशीत पोहोचण्याआधीच रमाबाईंना लोकांपुढे ग्रंथ सांगण्याची सवय होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरची त्यांची व्याख्याने, आणि १९०५ च्या धार्मिक जागृतीच्या काळात त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधून आसपासच्या खेड्यांत गेलेल्या मुलींच्या टोळ्या, या सर्वांच्या मुळाशी ती जुनी सवय आहे. १८८९ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि आवाज मागच्यांना ऐकू येईना, तेव्हाचा प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. बाईचा आवाज लहान असेल तर नवल नाही, कारण तो मोठा करण्याची संधी तुम्ही तिला कधी दिलीच नाही, अशा अर्थाचे काही त्यांनी सभेला सुनावले. आज ज्या मंडळ्यांत स्त्रियांना पाळक होण्याची मुभा आहे, तिथेही मुलींना दिली जाणारी कामे बहुतेक गायनाची, सजावटीची आणि लहान मुलांच्या वर्गाची असतात. मग निवडीच्या वेळी मुलींमध्ये चांगल्या उपदेशिका नाहीत असा शेरा मारला जातो, आणि मारणाऱ्याला तो वस्तुस्थितीचा शेरा वाटतो.

राहता राहिली टीका कशी करावी ही गोष्ट. उपदेशानंतर दहा जणांनी घेरून दहा सल्ले देणे म्हणजे छळ. एका वेळी एकच उणीव, तीही बोलणाऱ्याला पुढच्या वेळी दुरुस्त करता येईल अशी, आणि शक्यतो आधी विचारून. तू आज नेमके काय सांगू पाहत होतास, असे विचारले आणि त्याला ते एका वाक्यात सांगता आले नाही, तर बाकीची टीका करण्याची गरजच उरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत याचा नमुना आहे. अपुल्लो नावाचा आलेक्सांद्रियाचा वक्ता इफिसात येतो. तो शास्त्रात निपुण आहे, आवेशाने बोलतो, पण त्याची माहिती योहानाच्या बाप्तिस्म्यापाशी संपते. सभास्थानात त्याचे बोलणे ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू शिवणारे नवरा-बायको आहेत. ते सभेत त्याला अडवत नाहीत आणि बाहेर त्याच्याविषयी कुजबुजतही नाहीत. ते त्याला आपल्याकडे नेतात आणि देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून देतात. या प्रसंगावर बोलणारे बहुधा इथेच थांबतात. पण पुढचे वाक्यही वाचायला हवे. अपुल्लोला अखयाला जायचे होते, तेव्हा इफिसातल्या बंधूंनी त्याला उत्तेजन दिले आणि याचे स्वागत करा असे तिकडच्या शिष्यांना पत्र लिहून कळवले.